नळीवरची दुसरी रेघ

"मान खाली घाला काकू, आणि गिळू नका," असे सांगून डॉक्टर नंदिनी यांनी घड्याळाकडे पाहिले.

माझी पत्नी सुलोचना काचेची नळी ओठांशी धरून बाकावर बसली होती. दहा मिनिटांत तोंडात आपोआप जमेल तेवढी लाळ त्या नळीत सोडायची होती. नळीवर दोन रेघा होत्या. बारा आठवड्यांपूर्वी तिची लाळ पहिल्या रेघेशीच थांबली होती. आज ती दुसऱ्या रेघेला पोहोचली, तर तिची कवळी तोंडात बसण्याची आशा होती. कारण कोरड्या तोंडात कवळी धरत नाही, हे सत्य मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी वर्धेच्या या दवाखान्यात उमगले.

तिचे वजन एकशे चार किलो. दात पंचावन्नाव्या वर्षीच गेले. करून घेतलेली कवळी फडताळातील डबीत पडून आहे, आणि ती भाकरी वरणात कुस्करून चार दातांच्या लेकरासारखी खाते. ती गोधड्या शिवते. पूर्वी दोऱ्याचे टोक ओठांत ओले करून ती एका दमात सुई ओवीत असे. आता पाण्याची वाटी जवळ ठेवते आणि कोणी आले की ती पदराआड सरकवते.

येथे स्थूल माणसांच्या लाळेवर आहाराचा व तेलाचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास चालला होता. काहींना जवसाचे तेल, काहींना साधे. काळपट बाटलीवर केवळ क्रमांक. त्यातील दोन चमचे रोज जेवणात घ्यायचे आणि तळलेले व गोड पूर्ण वर्ज्य करायचे, एवढाच नियम.

आमच्या शेजारच्या अनुसयाबाईंनी पहिल्याच दिवशी टोमणा मारला होता, "काऊन वो सुलोचना, थुका द्याले थेट वर्धेले जातं का कोणी? इथं समुद्रपुरात जागा नाई का?"

"इथचा थुका कोणी मोजत नाई ना वो," असे सुलोचनेने हसून उत्तर दिले होते.

आणि तिने नियम पाळला. पोळ्याच्या दिवशी तिने सर्वांसाठी पुरणपोळ्या केल्या व स्वतः ज्वारीची आंबील प्याली. भाचीच्या लग्नात सारी पंगत आग्रह करीत असता ती पानावर हात आडवा धरून बसली. मी ते पाहत होतो, आणि माझे अंतःकरण मला आतून टोचत होते.

कारण अपराध माझा होता. समुद्रपुरात माझी तेलघाणी आहे. चौतीस वर्षे मी जवस, तीळ, करडई गाळली. पहिली बाटली घरी आली त्याच सायंकाळी मी बूच उघडून हुंगले. जवसाचा गंधही नव्हता. माझी बायको साध्या तेलाच्या रांगेत पडली, असे मी मनोमन ठरवले. तिच्या नकळत बाटली रिकामी केली आणि माझ्या घाणीचे ताजे जवसाचे तेल तीत भरले. काढलेले तेल वाया जाऊ नये म्हणून घाणीच्या फिरत्या कण्याला वंगण म्हणून घातले. दर चार आठवड्यांनी एक, अशा आलेल्या तिन्ही बाटल्यांचे असेच केले. जिच्या लुगड्यालाही जवसाचा वास आहे, तिला तो चमच्यात निराळा कसा कळावा?

घड्याळ वाजले. डॉक्टरांनी नळी उजेडात धरली. पहिली रेघही पूर्ण बुडाली नव्हती.

"काकू, तुम्ही एकही दिवस चुकवला नाहीत," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "पण या क्रमांकाच्या तेलाचा तुम्हाला उपयोग झाला नाही, असं लिहावं लागेल मला."

त्यांनी लेखणी उचलली. माझ्या घाणीतून भेसळीचा एक थेंब कधी बाहेर गेला नाही, आणि आता माझ्या तेलाचे अपयश दुसऱ्याच्या नावावर लिहिले जाणार होते.

"थांबा बाई," मी म्हणालो. "तेल बदललं व्हतं. म्या बदललं."

सर्व ऐकल्यावर डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "काका, दोन्ही तेलांचा वास काढूनच ती भरली होती. कोणाला ओळखू येऊ नये म्हणून. तुमच्या बाटलीत काय होतं, ते मलाही ठाऊक नाही."

"म्हणजे जवसच असन का?"

"असेलही. आता या बारा आठवड्यांवरून काहीच सांगता येणार नाही."

त्यांनी सुलोचनेच्या नावावर एक आडवी रेघ ओढली. पुन्हा नाव घालता येईल काय, असे मी विचारले. नियमात बसत नाही, असे सांगताना त्यांचाच आवाज उतरला होता. सुलोचनेने नळी आपल्या पदराने पुसण्याचा प्रयत्न केला. ती पुसायची नसते, असे त्यांनी सांगितले, तेव्हा तिने ती जपून टेबलावर ठेवली.

बसमध्ये जाम गाव येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "मले सांगाचं तरी व्हतं."

"तुह्या भल्यासाठीच केलं वं."

"माहीत हाय मले." ती माझ्याकडे वळली. "पोळ्याची एक पुरणपोळी तरी खाऊन घेतली असती म्या."



घरी आल्यावर तिने पाय धुतले आणि अर्धवट गोधडी पुढ्यात ओढली. पाण्याची वाटी मात्र तिने घेतली नाही. दोऱ्याचे टोक तिने दोन वेळा ओठांत धरले. दोन्ही वेळा ते कोरडेच बाहेर आले. मग तिने तो दोरा माझ्यापुढे केला.

मी तो तोंडात घेतला, जिभेवर फिरवला, ओठ घट्ट मिटले. माझ्या तोंडातही ओल उरली नव्हती.

सुलोचना सुई उजेडाकडे धरून वाट पाहत बसली होती.