समोरचा काठ

साबण शंखाच्या आकाराचा होता. मुठीत धरला तर हरवून जावा इतका लहान, आणि त्याच्यावरच्या वळ्या इतक्या नीट कोरलेल्या की त्याला पाणी लावायचं वृषालीच्या जिवावर आलं. आरशाच्या चौकटीला शिंपले चिकटवलेले, टॉवेलवर निळ्या दोऱ्याचा नांगर, भिंतीवर पाण्याबाहेर उसळलेला डॉल्फिन — आणि खिडकीबाहेर डिंभे धरणाचं पाणी. समुद्र इथून कितीतरी लांब, डोंगर उतरून कोकणात. ज्याने हे रिसॉर्ट बांधलं त्याला बहुतेक समुद्राकाठची जागा हवी होती आणि जमीन मिळाली ती इथे, असं तिच्या मनात आलं आणि ती एकटीच हसली. आरशात हसणारी बाई तिला नीटशी ओळखता आली नाही.

बाहेरच्या खोलीत सूरज फोनवर बोलत होता. "वाशीची गाडी आधी भर... बाकीचा माल गाळ्यावरच राहू दे. मी सांजच्याला येतो." नारायणगावच्या मार्केटात त्याची टोमॅटोची आडत होती. बियाण्याच्या एका कंपनीने निवडक आडत्यांना बायकांसह इथे दोन दिवस बोलावलं होतं. राहणं, जेवण, होड्या, सगळं कंपनीकडून. मागच्या आठवड्यात जेवताना तो म्हणाला होता, "रविवारी जायचंय. डिंभ्याला." आणि मग ताटाकडे बघत बसला. तिनेही फक्त भाजी वाढली. काल येताना मंचर गेलं, घोडेगाव गेलं, गाडीत गाणी चालू होती, आणि दोघं जणू कुठल्या तरी अनोळखी गावाला निघाल्यासारखी पुढच्या काचेतून रस्ता बघत राहिली.

तिने एक वाक्य तयार करून आणलं होतं. शाळेत मुलांकडून पाठ करून घेतात तसं ते तिचं पाठ झालं होतं... माझी जुन्नरच्या शाळेत बदली झालीय, मी तिकडेच खोली घेऊन राहीन म्हणते. बदली तिने स्वतः मागून घेतली होती. नारायणगावहून जुन्नर म्हणजे जीपने अर्ध्या तासाचा रस्ता. निम्मे शिक्षक रोज ये-जा करतात. त्यामुळे ‘जमत नाही’ म्हणायला काही तोंड नव्हतं, आणि वाक्य ऐकताच त्याला जे कळायचं ते कळणार होतं. म्हणूनच ते घरात बोलवेना. घरात त्याची आई, लंकाबाई, अजून कुठेतरी ऐकत बसली आहे असं वाटायचं — जाऊन दोन वर्षं झाली तरी. इथे बोलून टाकू, असं तिने ठरवलं होतं. इथेच संपलं होतं, इथेच बोलू.

नाश्त्यानंतर पुरुष भगव्या रंगाची जाकिटं घालून स्पीडबोटीकडे गेले. काठावर ट्रकने आणून ओतलेली वाळू होती, तिच्यात रोवलेल्या छत्र्या, प्लास्टिकची माडाची झाडं. बायकांसाठी हिरवळीवर हाऊजीचा खेळ मांडला होता. वृषाली जरा वेळ खुर्चीवर बसली, मग डोकं दुखतंय म्हणाली आणि उठली. पण खोलीकडे न वळता फाटकातून बाहेर पडली आणि तारेच्या कुंपणाकडेने चालू लागली.

कुंपण संपलं तिथे जुनी पायवाट होती. तशीच. घाणेरीच्या झुडपांतून खाली पाण्याकडे उतरणारी. पाय आपोआप वळले... पायांना आठवतं ते डोक्याला कुठे आठवतं.

लग्न झालं ते चौऱ्याण्णव साल. सूरज तेव्हा दुसऱ्याच्या गाळ्यावर कामाला होता. लग्नाआधीच त्याने कबूल केलं होतं की तुला समुद्र दाखवीन — जुन्नरात वाढलेल्या मुलीने समुद्र बघितला होता तो फक्त भूगोलाच्या पुस्तकात. दिवाळी झाली, थंडी पडली आणि तो म्हणाला, "चल." ती नवी साडी नेसली, पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा घेतला, आणि एसटीने दोघं उतरली ती डिंभ्याला. धरण तेव्हा नुकतंच भरू लागलं होतं. इतकं पाणी तिने कधी पाहिलं नव्हतं. सूरज काठावर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "समुद्र असाच असतो. फकस्त खारट." तिला राग यायला हवा होता. तिला इतकं हसू आलं की ती खालीच बसली.

मग ते दर थंडीत येत राहिले. एसटीच्या तिकिटापलीकडे खर्च नाही. धरणाच्या भिंतीकडेने लांबवर चालत जायचं. चपट्या खापऱ्या शोधून पाण्यावर भाकऱ्या काढायच्या. तो पोहायचा आणि ती काठावर त्याचे कपडे सांभाळत, तो बुडी मारून वर येईपर्यंत श्वास धरून बसायची. मग भागू होडीवाल्याला हाक मारायची. भागू मासे धरायचा, पण या दोघांना तो समोरच्या काठाला नेऊन सोडायचा आणि ऊन कलल्यावर परत आणायचा. समोर हिरड्याची दोन-चार झाडं होती, भागूचं घर होतं, भाताची खाचरं होती. भागूची बायको, बयाबाई, माशाचं कालवण करायची. हिरड्याखाली बसून ते खायचं आणि पाण्यापलीकडे एसटीचा रस्ता बघत बसायचं, एवढंच. त्या एका दिवसात सूरज इतकं बोलायचा की उरलेलं वर्ष तो कमी बोलला तरी चालायचं.

आणि मग दोन हजार सालचा पौष. तिला सातवा महिना होता. आपण आलो, होडीत बसलो, कालवण खाल्लं, हसलो. दुसऱ्या दिवशी पोटात कळा आणि मंचरचा दवाखाना... मूल राहिलं नाही. मुलगा होता. लंकाबाई दारातूनच म्हणाल्या होत्या, "पोटुशी बाई कुनी पान्यावर जाती का? कशाला गेली व्हतीस?" सूरज भिंतीशी उभा होता. तो आता बोलेल, एक शब्द तरी बोलेल, म्हणून ती त्याच्याकडे बघत राहिली. तो काही न बोलता बाहेर निघून गेला. तेव्हापासून आठ वर्षं ती त्या बाहेर जाणाऱ्या पाठीकडेच बघत होती. पाठ म्हणत होती — आई खरं बोलतेय.

पाणी उतरलं होतं. काठाला चिखलाचा पट्टा, त्यात बगळ्यांची पावलं. होडी निम्मी वर ओढलेली, आणि एक म्हातारी तिच्यात साठलेलं पाणी डब्याने उपसत होती. वृषालीने ओळखलं, पण हाक मारायचं धाडस झालं नाही. म्हातारीनेच डबा थांबवला, हात कपाळाशी धरून पाहिलं.

"टमाट्यावाल्या सूरजदादाच्या मंडळी ना तुमी?"

"हो. बयाबाई, ओळखलंत तुम्ही."

"न वळखायला काय झालं? जरा वाळलात मातर." तिने होडीतली फळी पुसली. "बसा. समूर जायचं ना?"

भागूमामा कुठे आहेत, असं वृषालीने विचारलं. दम्यापायी घर धरलंय त्यांनी, बयाबाई म्हणाली, आता होडी मीच चालवते. वल्हं तिच्या हातात हलकं वाटत होतं. मागे स्पीडबोटीचा आवाज, कुणाच्या तरी किंकाळ्या, गाणी, आणि पुढे फक्त वल्ह्यावरून गळणारं पाणी. निम्म्या वाटेवर गेल्यावर वृषालीच्या लक्षात आलं, आणि लक्षात येताच तिने होडीची कड धरली. टमाट्यावाला. आपण यायचो तेव्हा सूरजची आडत कुठे होती? तेव्हा तो दुसऱ्याच्या गाळ्यावर नोकर होता.

"बयाबाई, त्यांची आडत आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी म्हंजे? दर साली येत्यात की. येताना टमाट्याचं क्रेट आनत्यात. आमी दोगं किती खानार? समद्या वाडीत वाटती मी."

"कधी येतात?"

"ह्याच दिसांत. पौषात."

पौषात एकदा तो भीमाशंकरला जायचा. तसंच सांगून जायचा. मित्रांबरोबर असेल, धंद्यातलं काही असेल, असं समजून ती विचारत नसे. आणि प्रसाद कधी आणला नाही तरी आणला का नाही हेही विचारत नसे. न विचारण्याची किती सवय झाली होती दोघांना...

होडी काठाला लागली. चिखलात उतरताना साडी पोटरीपर्यंत भिजली. हिरडे होते. घरावर कौलांच्या जागी पत्रा आला होता. आत भागू खोकत होता. बयाबाई त्याला पाणी देऊन आली आणि वृषालीशेजारी मातीतच बसली.

"हितंच बसत्यात," ती म्हणाली. "भाकर आनत्यात संगं. मी कालवन देती म्हनलं तर नगं म्हनत्यात. बोलत काय न्हाईत. सांज झाली की सोड म्हनत्यात."

"कधीच काही बोलले नाहीत?"

बयाबाईने गवताची काडी तोडली. "एकदा बोलले. तुमचं पोर गेलं ते तवा कळलं मला. म्हनले, बयाबाई, ती नगं नगं म्हनत व्हती. मीच वडून आनली तिला पान्यावर. आईनं तिला बोल लावला तवा माज्या तोंडातनं सबुद न्हाई फुटला. आता काय तोंडानं बोलू."

वृषाली पाण्याकडे बघत राहिली. पलीकडे वाळू पांढरी दिसत होती आणि छत्र्या, टाचण्यांच्या डोक्यांएवढ्या.

पण मी नको म्हटलं नव्हतं.

तिला लख्ख आठवत होतं. अंधारात उठून तिने चूल पेटवली होती, भाकरी थापल्या होत्या, तो जागा व्हायच्या आत पिशवी भरून दाराशी ठेवली होती. तो म्हणाला होता, यंदा राहू दे का? आणि ती म्हणाली होती, पुढच्या वर्षी मांडीवर मूल असेल, मग कुठलं जाणं, चला. ती म्हणाली होती. की... ते आदल्या वर्षीचं? भाकरी तर ती दर वर्षीच थापायची. ‘नको’ हा शब्द तिने कधी उच्चारला असेल? एसटीत चढताना पायरी उंच होती तेव्हा? होडी डुचमळली तेव्हा, हसत हसत? आठ वर्षं तिने ती सकाळ इतक्या वेळा उलगडून घडी घातली होती की आता घड्याच तेवढ्या उरल्या होत्या. आणि तोही, गाळ्यावर क्रेटच्या राशीत उभा राहून, फोन कानाला लावून, तीच सकाळ उलगडत होता — आणि त्याच्या सकाळीत ती नको म्हणत होती.

"बयाबाई, मी नको म्हटलं नव्हतं हो."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. "मंग त्यास्नी सांगा की. मला सांगून काय व्हनार? मी होडीवाली."

घरातून भागूने विचारलं, कोण आलंय. बयाबाई ओरडून म्हणाली, "सूरजदादाची बायकू." जरा वेळाने आतून आवाज आला, "एकलीच?"

परत येताना ऊन डोक्यावर होतं. वृषाली होडीत काठाकडे तोंड करून बसली, आणि बरंच जवळ येईपर्यंत तिला कळलं नाही की कुंपणाच्या टोकाला, वाळू संपून चिखल सुरू होतो तिथे, सूरज उभा आहे. जाकीट नाही, बूट हातात, पँट घोट्यापर्यंत दुमडलेली. तो स्पीडबोटीत गेलाच नव्हता. होडी टेकली तेव्हा बयाबाईने त्याच्याकडे पाहून मान हलवली. त्यानेही हलवली. मग त्याने हात पुढे केला आणि वृषालीला चिखलातून वर घेतलं, आणि ती वर आल्यावर लगेच हात सोडला.

दोघं काठावरच्या दगडावर बसली. बयाबाई होडी वळवून निघाली.

"चिखल लई हाय का तिकडं?" सूरजने विचारलं.

"आहे. पाणी उतरलंय."

"भागूचा दमा?"

"खोकत होते."

त्याने बूट खाली ठेवले. त्याच्या कानशिलावर पांढरे केस आले होते. ते तिने रोज पाहिले होते, पण इतक्या जवळून, उन्हात, नव्हते पाहिले. जुन्नरचं वाक्य तिने मनात चाचपून पाहिलं. ते होतं. शब्द सगळे जागेवर होते, बदली, खोली, तिकडेच... पण ते ज्या माणसाला सांगायचं ठरवलं होतं तो हा नव्हता, आणि या माणसाला काय सांगायचं ते तिने पाठ केलेलं नव्हतं. राग होताच. हा आठ वर्षं समोरच्या काठाला येऊन बसला आणि घरातल्या घरात आपल्यापर्यंत आला नाही, याचा राग तर आता जास्तच होता. फक्त त्या रागाला आजवर जी पाठ दिसत होती तिच्या जागी हा घोट्यापर्यंत पँट दुमडलेला माणूस आला होता.

हिरवळीवरून माइकवर कुणीतरी जेवायला बोलावत होतं. सूरज उठला नाही.

"त्या दिवशी," ती म्हणाली, आणि आवाज तिला हवा तसा निघाला नाही म्हणून परत म्हणाली, "त्या दिवशी मी नको म्हटलं नव्हतं. तुम्ही बयाबाईंना चुकीचं सांगितलंत."

सूरजने तिच्याकडे पाहिलं नाही. तो पाण्यावर दूर जाणाऱ्या होडीकडे बघत होता. तो आता काही बोलेल, किंवा उठून जाईल — वृषालीला सांगता येईना. इतकी वर्षं त्याने तोंड उघडायच्या आत त्याचं उत्तर तिला ठाऊक असायचं. आता ते ठाऊक नव्हतं, आणि ती थांबली.