उभ्या गाडीचं इंजिन

गणपतराव मिस्त्रीनं सायलेन्सरच्या तोंडात फडकं फिरवलं आणि आकारामच्या पुढ्यात धरलं. त्यावर चिकट काळं ऑइल लागलं होतं. उचगावात आकारामच्या घरामागच्या परड्यात ट्रक सकाळपासून जागेवरच धडधडत होता, त्यामुळे दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं.

“तात्या, उभ्या उभ्या मारतायसा गाडीला. इंजिन तापतच न्हाय. डिझेल अर्धवट जळतंय आन् राह्यलेलं ऑइलात उतरतंय. वझं वढायला केलेलं इंजिन हाय हे.”

आकारामला हे ठाऊक नव्हतं थोडंच? उभ्या आयुष्यात त्यानं ट्रकच चालवले होते. पण कळतं पण वळत नाही, ही गत शहाण्यालाच जास्त छळते.

गेल्या हंगामात साखर कारखान्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. आकाराम लेकाचा, विश्वजितचा, डबा घेऊन गेला. पोरगं स्टिअरिंगवर डोकं टेकून होतं आणि इंजिन चालू होतं. दमलंय, घेऊ दे डुलकी, म्हणून बाप ट्रकच्या सावलीत बसून राहिला. रांग पुढे सरकली तरी ट्रक हलेना, तेव्हा तो वर चढला आणि फुकट डिझेल जाळतोय म्हणून बडबडत त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. आवाज थांबला, तरी पोराचा श्वास ऐकू येईना.

डॉक्टरांनी हार्टअटॅक सांगितला. आकारामच्या मनानं मात्र धरलं, की इंजिन चालू होतं तोवर पोरगं होतं. तेव्हापासून रोज सकाळी तो ट्रक सुरू करी आणि नुसता जवळ बसून राही. बंद करायला त्याचा हात धजत नसे. दुपारी सून संयोगिता येऊन ते करी.

गणपतराव कानाशी आला. सोमवारपासून सून गाडी धंद्याला घालणार होती, तिचं आणि तिच्या लेकीचं पोट त्यावरच होतं. असंच चाललं तर इंजिन उतरवून खोलावं लागेल, असं त्यानं बजावलं.

“आज तुमीच बंद करा, तात्या.”

आकाराम केबिनमध्ये चढला. आपण पोराला दुसऱ्यांदा मारतोय असं त्याला वाटलं. डोळे मिटून त्यानं किल्ली फिरवली.

धडधड थांबली आणि घरातून रडणं ऐकू आलं. संयोगिता मोकळ्या गळ्यानं रडत होती. बाहेरचा आवाज थांबलाय हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. रोज सकाळी त्या धडधडीच्या आडून ती अशीच रडत असणार आणि दहा पावलांवर बसून त्याला कधी ऐकू आलं नव्हतं.

मग तिलाही शांतता जाणवली असावी. रडणं मधेच तुटलं.

आकाराम खाली उतरून उंबऱ्यापाशी गेला.

“रड की पोरी,” तो म्हणाला, आणि तिथंच बसला.