न गिळलेला चहा

माणसाने अग्नी शोधला, चाक शोधलं आणि सरतेशेवटी मृत्यूवरचा उपायही शोधला. तो आमच्या वहिनीच्या गॅसवर, मंद आचेवर उकळत होता आणि त्याला ओल्या पायमोज्यांचा वास येत होता.

उपाय म्हणजे अळिंबीचा चहा. काळी, वाळून लाकूड झालेली अळिंबी वहिनीच्या थोरल्या बहिणीने पाठवली होती. ती रात्री भिजत घालायची, सकाळी पातळ काप करायचे, पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं, फडक्यातून गाळायचं. बहिणीच्या नणंदेच्या सासऱ्यांचं यकृत म्हणे त्याने नव्यासारखं झालं होतं. ते नंतर वारले, पण यकृत उत्तम होतं.

माझ्या दादाचं यकृत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "घरी न्या. दुखलं की ही गोळी द्या. आवडेल ते खाऊ द्या." यातलं वहिनीने पहिलं तेवढं ऐकलं. गोळ्यांबरोबर घेतला तर चहाचा गुण येत नाही, असं बहिणीने फोनवर बजावलं आणि गोळ्या कपाटाच्या वरच्या फळीवर गेल्या. दादा भिंतीकडे तोंड करून कण्हायचा.

"वहिनी, एक गोळी द्या ना त्याला," मी म्हणालो.

"तुम्हाला भाऊ जड झालाय का, भाऊजी?"

मी पेपर उघडला.

दादाने जन्मभर चहाच्या कंपनीत चव घेण्याचं काम केलं. लांब टेबलावर वाट्या मांडलेल्या. चमचाभर चहा फुर्र करून ओढायचा, जिभेवर घोळवायचा, पिंकदाणीत थुंकायचा आणि मालाचा निकाल लावायचा. गिळायचं मात्र नाही. तो त्या धंद्यातला पहिला नियम. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच आठवलं नाही.

सकाळी वहिनी कप भरून द्यायची आणि पुढचं पातेलं चढवायला आत जायची. परतेपर्यंत कप रिकामा. मग ती खाटेखालचं लघवीचं भांडं ओढून उजेडात धरायची. आत काळपट तपकिरी पाणी.

"बघा भाऊजी! विष बाहेर पडतंय."

"बरंच पडतंय," मी म्हणायचो. साधारण कपभर पडत असे.

परवा त्या विषात अळिंबीचा एक काप तरंगताना दिसला. फडकं कुठेतरी फाटलं असावं. अख्खा काप होता, सुरीची धार दिसेल असा. इतकं प्रभावी औषध जगात नाही, हे वहिनीलाही कळलं. ती भांडं धरून तशीच उभी राहिली.

"अहो, तुम्ही थुंकताय?"

दादाने डोळे उघडले. "सवय आहे."

"एक घोटसुद्धा पोटात नाही?"

"माल जुना आहे. ओल लागलीय. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का? चहा नाही, गोळी नाही, नुसते कण्हत पडलात!"

"तू गॅसपाशी असलीस की रडत नाहीस," दादा म्हणाला. "इथे बसलीस की रडतेस."

वहिनीने भांडं खाली ठेवलं. आत जाऊन गॅस बंद केला. मग स्टुलावर चढून गोळ्या काढल्या, एक दादाच्या जिभेवर ठेवली, पाणी पाजलं आणि त्याचा गळा हलेपर्यंत हनुवटी धरून ठेवली. ही मात्र त्याने गिळली. आता घरात दुखणं थांबवायचं औषध होतं. त्यापलीकडचं काही उकळत नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळलं.

बऱ्याच वेळाने दादाने बोटाने खूण केली. वहिनी वाकली. मीही कान पुढे केला. अशा वेळी माणूस जन्माचं काहीतरी सांगून जातो म्हणतात.

"पाठ खाजव जरा," दादा म्हणाला. "तिथे नाही. खाली."