गैरहजर लेकरं

करंजवाडीच्या जिल्हा परिषद शाळेची जागा कस्तुराबाईच्या सासऱ्यानं दिलेली होती, आणि एवढ्या पुण्याईवर गावानं तिला शाळेच्या समितीची अध्यक्ष केलं. ती स्वतः सातवी शिकलेली. लेक-जावई चाकणला कंपनीत कामाला, त्यांची पुनम आजीकडं राहून तिसरीत शिकायची, त्यामुळं पालक म्हणून तिचं नाव नियमात बसलं. पहिलं वर्षभर ती बैठकीला गेली, चहा प्यायली, सही करून आली. पुढं तिला शाळेची ओढ लागली, ती शिक्षिका मनिषाबाईंमुळं.

मनिषाबाई मुखेडला खोली करून राहायच्या आणि स्कूटीवरून यायच्या. दुसऱ्या शिक्षकाची जागा कित्येक दिवस रिकामीच होती. चारही वर्ग त्या एकट्या सांभाळायच्या, वर पोषण आहार, वर तालुक्याला पाठवायची माहिती. आणि त्यात गावातली अर्धी लेकरं अशी, की दिवाळी झाली की आईबापामागं निघून जायची. काहींचे आईबाप ऊस तोडायला कर्नाटकात, तर नदाफांची घरं कापूस पिंजायला, गाद्या भरायला तेलंगणात. शिमग्याच्या आसपास ही मंडळी परत यायची, तोवर लेकरं अक्षरं विसरून गेलेली असायची. दुसऱ्या कुणी त्यांची नावं कमी करून टाकली असती. मनिषाबाई शाळा सुटल्यावर त्यांना ओसरीवर घेऊन बसायच्या. कस्तुराबाई घरून शेंगा, कधी गूळ-भाकरी घेऊन जायची आणि खांबाला टेकून ऐकत राहायची. पुनमच्याच वर्गातली, मकसूद नदाफाची अर्शी एकेका अक्षरावर बोट ठेवून, दम खात वाचायची, तेव्हा कस्तुराबाईच्याही ओठांची हालचाल व्हायची.

त्या वर्षी हिवाळ्यात फाउंडेशन आलं. लातूरचा एक मोठा क्लासवाला आणि कुठलीशी कंपनी यांनी मिळून काढलेली ती संस्था. तालुक्यातल्या शाळांची ते टॅबवर परीक्षा घेणार, ज्या शाळेची सरासरी कमी भरेल ती शाळा दहा वर्षांसाठी चालवायला घेणार, फक्त गावानं ग्रामसभेत ठराव द्यायचा. इंग्रजी, कॉम्प्युटर, रंगीत भिंती असं सगळं त्यांनी पडद्यावर दाखवलं. गावातली जमीनवाली घरं खूश झाली. मुखेडच्या इंग्रजी शाळेची गाडी पकडायला पहाटे लेकरं उठवायची कटकट मिटणार होती.

आणि त्या फाउंडेशननं गावातला समन्वयक म्हणून नेमला तो कस्तुराबाईचाच पोरगा, अमरनाथ.

अमरनाथ वाईट नव्हता. डी.एड. होऊन त्याला कैक वर्षं झाली होती. भरती निघणार, निघणार म्हणत वय निघून गेलं, लग्नाची दोन स्थळं मोडली, शेवटी तो खताच्या दुकानात पोती उतरवून घेत बसला होता. गळ्यात ओळखपत्र अडकवून तो पहिल्यांदा घरी आला, तेव्हा कस्तुराबाईनं त्याला देवापुढं साखर ठेवायला लावली होती. शाळा जाणार म्हणजे मनिषाबाई जाणार, हे तिला नंतर उमगलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्रप्रमुख सिद्रामप्पा शाळेत आले. निवृत्तीला आलेला, सरळ माणूस. ओसरीवर बसून त्यांनी आधी पाणी मागितलं, मग खाली बघत म्हणाले, "बाई, तुमचे कायम बसणारे विद्यार्थी चांगले आहेत. पण ही परवा परवा गावाला आलेली लेकरं उद्या बसली तर सरासरी खाली जाईल. बाकीच्या शाळा काय करतायत ते मी बघून राहिलोय. मी तुम्हाला काही सांगितलं नाही असं समजा."

ते गेल्यावर मनिषाबाई हजेरीपट उघडून बसल्या.

"बाई, त्याइला एक दिवस घरी ठिवावं काय?" कस्तुराबाईनं विचारलं.

"मी कुणाला येऊ नको म्हणणार नाही, काकू."

"तुमी नका मनू. मी मनते."

मनिषाबाईंनी मान वर केली, पण हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कस्तुराबाईला तेवढं पुरलं.

संध्याकाळी ती चपला घालत होती तेव्हा अमरनाथ ओसरीवर मोबाईल चार्ज करत बसला होता.

"कुठं निघालीस माय?"

"नदाफाच्या गल्लीत. मंग ऊसतोडवाल्याइकडं. उद्या लेकरं पाठवू नका मनून सांगायला."

तो क्षणभर तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "अंधार पडायच्या आत ये."

घरोघर तिनं एकच सांगितलं. शाळा वाचवायची हाय, एक दिवसाचा सवाल हाय, परवापासून पाठवा. ऊसतोडीची माणसं हाव हाव म्हणाली. त्यांना परीक्षेचं विशेष नव्हतं. हुसेनबी मात्र हातातलं काम थांबवून उभी राहिली. ती अर्शीची आई. दारात पिंजलेल्या कापसाचा ढीग होता आणि तिच्या भुवयांवरही कापूस चिकटलेला होता.

"लई नादी लागलीय परीक्षेच्या," ती म्हणाली. "टॅब हातात देणार मनून सांगून राहिली हाय सगळ्याला."

"कळतंय गं. पण तिच्यानं जमंल का? उगं शाळेचं नुकसान नको."

"तुमी मनतासा तर ठिवते, मावशी," हुसेनबी म्हणाली आणि पुन्हा कामाला बसली. अर्शी आत होती. कस्तुराबाईला पडद्यामागं तिची सावली दिसली, पण ती बाहेर आली नाही.

सकाळी फाउंडेशनची पोरं मोटारीतून टॅबच्या पेट्या घेऊन आली. कस्तुराबाई फाटकाजवळ उभी होती. मुलं ओळीनं आत गेली, आणि सगळ्यांच्या शेवटी अर्शी आली. धुतलेला गणवेश, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. आईला न सांगता आली असावी.

"अर्शी, आज तुला सुट्टी हाय," कस्तुराबाई म्हणाली.

"मला येतंय आजी."

"येतंय गं. पण आज नको. उद्या ये."

"पुनम तर बसली."

 कस्तुराबाईनं पोरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला रस्त्याकडं वळवलं. अर्शी रडली नाही. थोडं पुढं गेली, थांबली, आणि मग कुणीतरी हाक मारल्यासारखी पळत सुटली. फाटक लावून कस्तुराबाई मागं फिरली तेव्हा मनिषाबाई वर्गाच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्या आत निघून गेल्या.

निकाल एप्रिलच्या शेवटी लागला. करंजवाडीचं नाव खालच्या यादीत होतं. मनिषाबाईंनी तालुक्याला जाऊन चौकशी केली आणि भर उन्हातून थेट कस्तुराबाईच्या घरी आल्या. पदरानं तोंड पुसत त्या पायरीवरच बसल्या.

"काकू, बसलेल्या लेकरांचे गुण चांगले आहेत. पण पटावरचं जे लेकरू गैरहजर, त्याला शून्य धरलंय. पट मोठा, शून्यं जास्त. म्हणून सरासरी पडली."

कस्तुराबाईला आधी नीट समजलंच नाही. मनिषाबाईंनी पुन्हा सांगितलं.

"मंजे ती लेकरं बसली असती तर?"

"थोडेफार तरी गुण मिळाले असते. वाचली असती शाळा, कदाचित." मनिषाबाई थांबल्या. "अर्शीनं परीक्षेच्या आठवड्यात अख्खा धडा वाचून दाखवला होता मला. मी त्या संध्याकाळी तुम्हाला अडवायला पाहिजे होतं. माझ्याही मनात लालूच होती."

कस्तुराबाईनं त्यांना पाणी आणून दिलं.

अमरनाथ जेवायला आला तेव्हा तिनं ताट वाढलं आणि समोर बसली.

"गैरहजर लेकराला शून्य, हे तुला ठाव होतं?"

त्याचा घास हातातच राहिला. "होतं."

"मी चपला घालीत होते तवा?"

"होतं, माय."

"मंग सांगितलं काहून न्हाईस?"

"सांगितलं असतं तर शाळा वाचली असती, अन् मी परत पोती उतरवाया गेलो असतो," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तू बी एकदा माझ्या बाजूनं बघ. जिल्हा परिषदेनं मला काय दिलं? इतकी वर्षं त्याइच्या भरतीची वाट बघितली."

यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणून कस्तुराबाईला त्याच्यावर ओरडताही आलं नाही. ती उठून परसात गेली. तो उरलेली भाकरी तशीच ठेवून निघून गेला.

एक मेला ग्रामसभा होती. ठरावाला विरोध करायचा तर हात मोजावे लागणार होते, आणि ते हात होते नदाफांच्या नि ऊसतोडवाल्यांच्या गल्लीत. कस्तुराबाई पुन्हा तीच घरं फिरली. या वेळी कुणी तिला बसायला घातलं नाही, पण कुणी वाकडंही बोललं नाही. हुसेनबीनं सगळं ऐकून घेतलं.

"शाळा गेली तर सगळ्यात आधी तुमची लेकरं बाहीर पडतेत," कस्तुराबाई म्हणाली. "परीक्षा घेऊनच लेकरं आत घेतेत ते. तू ये, मकसूदला आण, गल्लीला आण."

"मावशी, खरं बोलू का?"

"बोल."

"त्या दिशी आमची लेकरं नको होती. आज आमचे हात पाहिजेत." हुसेनबीच्या बोलण्यात राग नव्हता. थकलेली बाई हिशोबाचं बोलते तशी ती बोलली. "अर्शी दोन दिवस जेवली न्हाई. मला मनते, अम्मी, मी इतकी मठ्ठ हाय का? मी काय सांगू तिला?"

"माझं चुकलं."

"तुमी चांगल्यासाठीच केलंसा. ते बी कळतंय मला. पण मकसूद न्हाई येणार, अन् मी एकटी येऊन काय करू?"

ग्रामसभा शाळेच्याच मैदानात भरली. फाउंडेशनचा लातूरचा माणूस पांढऱ्या शर्टात आला होता. अमरनाथ त्याच्यासाठी माईक धरून उभा होता. सरपंचानं कुणाला काही बोलायचंय का विचारलं, तेव्हा कस्तुराबाई उठली. गावच्या सभेत ती आजवर कधी बोलली नव्हती. तिनं पदर सारखा केला.

"ही जागा माझ्या सासऱ्यानं दिली तवा कुणाच्या लेकराला शिकवा अन् कुणाच्या नको, असं काही लिवून दिलं न्हवतं," ती म्हणाली. "बाईइनं एकटीनं चार वर्ग वडले. दुसरा मास्तर द्या मनून आपण कितीदा अर्ज केले, तो कुणी दिला न्हाई. आता मनतेत शाळा कच्ची हाय. कच्ची कुणी केली? अन् त्या परीक्षेला मीच लेकरं घरी बसवली, माझ्या हातानं. बाईइचा त्यात दोष न्हाई."

मागं कुणीतरी हसलं. लातूरचा माणूस नम्रपणे म्हणाला की आजींच्या भावना समजू शकतो, पण आपण पुढं बघू. कस्तुराबाईनं गर्दीत नदाफांच्या गल्लीतलं कुणी दिसतंय का पाहिलं. कोपऱ्यात एक-दोन म्हातारे होते, तेही भिंतीला टेकून तंबाखू मळत होते. सरपंचानं हात वर करायला सांगितले. ठराव मंजूर झाला. अमरनाथनं हात वर केला नाही, माईक त्याच्या हातात होता.

घरी आल्यावर कस्तुराबाईनं स्वयंपाक केला, अमरनाथला नि पुनमला वाढलं, आणि त्या दिवसापासून माय-लेकांत कामापुरतं बोलणं उरलं.

जूनमध्ये शाळेला नवा रंग आला, फाटकावर पहारेकरी आला. मनिषाबाईंची बदली भोकरकडं झाली. त्या निरोप घ्यायला आल्या तेव्हा कस्तुराबाईनं त्यांची ओटी भरली. दोघींनाही अर्शीचं नाव काढवलं नाही. चौथीत घेण्याआधी पोरांची पुन्हा परीक्षा झाली. पुनम पास झाली. अर्शी आली नाही, तिला कुणी परत बोलवायलाही गेलं नाही. जी लेकरं अशी बाहेर राहिली त्यांना ओढ्यापलीकडच्या गावातल्या शाळेत नाव घालायला सांगितलं. तिथवर चालत कोण जाणार? पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं आणि तो विषय आपोआप मागं पडला. अर्शी दारात कापसातली सरकी वेचताना दिसायची. कस्तुराबाई समोरून गेली की ती उठून आत जायची.

पुनमची दर शनिवारी चाचणी असायची. शुक्रवारी रात्री तिचं पोट दुखायचं. कस्तुराबाईनं चाकणला फोन करून लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "माय, आता सवय लागली पाहिजे तिला. पुढं सगळं परीक्षेवरच हाय."

दिवाळी उलटली आणि नदाफांच्या गल्लीत टेम्पो लागला. पिंजायचं मशीन आधीच चढवलेलं होतं. वर गोधड्या, भांडी, पत्र्याची पेटी. कस्तुराबाई गेली तेव्हा मकसूद दोर आवळत होता. मागच्या दोन हिवाळ्यांत मनिषाबाई त्याच्या मागं लागायच्या, पोरीला मागं ठेव म्हणून. तो दोन्ही वेळा नाहीच म्हणाला होता. या वेळी मागं लागायला कुणी नव्हतं.

"अर्शीला माझ्याकडं ठिव," कस्तुराबाई हुसेनबीला म्हणाली. "पुनमसंगं राहील. मी रोज ओढ्यापलीकडं सोडून येईन, न्हेऊन आणीन."

हुसेनबीनं पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "तुमच्या घरात त्या फाउंडेशनचे अमरनाथभाऊ हायेत. अन् पोर तुमच्याकडं राहायची न्हाई, मावशी. मी इचारलं असतं तरी न्हाई."

अर्शी टेम्पोत चढून पेटीवर बसली होती. कस्तुराबाईनं तिला शेंगांची पुरचुंडी दिली. अर्शीनं ती घेतली, कारण मोठ्यांनी दिलेलं घ्यायचं असतं, आणि बाजूला ठेवली. टेम्पो निघाला.

घरी पुनम ओसरीवर चाचणीचा अभ्यास करत होती. "आजी, अर्शी गेली का?"

"गेली."

"तिकडं शाळा असते का?"

"न्हाई."

पुनमनं थोडा वेळ रस्त्याकडं पाहिलं आणि मग पुस्तक आजीपुढं सरकवलं. आजीनं प्रश्न विचारावेत, असं तिला हवं होतं. कस्तुराबाई खाली बसली, चष्मा लावला, आणि पहिला प्रश्न वाचायला लागली.