साळूबाईची पेटी आणि शनिवारची गोळी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. बांगड्यांची! पोटात हिरव्या, लाल, मोरपंखी काचेचा लखलखाट असतो, म्हणून स्वभावाने जराशी नटवी आहे. जाफराबादच्या कल्याण सुताराने मला सागाच्या फळ्यांतून घडवलं आणि टेंभुर्णीच्या साळूबाई कासारणीच्या हाती दिलं.

साळूबाईचा हात म्हणजे लोणी! पंजा कितीही रुंद असो, ती गप्पा मारत मारत तो दाबायची आणि बांगडी कधी चढली ते बाईला कळायचंही नाही. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. जीपमध्ये माझी जागा तिच्या मांडीवर. गावच्या किती नवरीमुलींचे चुडे तिनेच भरले!

मग तिची बोटं सुजू लागली. सकाळी मूठ वळेना, माझी कडी निघेना. बांगड्या टिचू लागल्या, गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं. कुणीतरी दिलेल्या पांढऱ्या गोळ्यांनी ठणका थांबायचा, पण चेहरा सुजला आणि आजार होता तिथेच राहिला. त्यात धाकट्या प्रियाचं लग्न ठरलेलं. "लेकीचा चुडा मीच भरीन," असं साळूबाई सगळ्यांना सांगायची आणि एकटी असली की रडायची. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी सून दैवशाला तिला जालन्याला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी नवी गोळी दिली आणि म्हणाल्या, "हा संधिवात आहे. पेनकिलरने दुखणं दबतं, या गोळीने आजार आवरतो. गुण यायला काही आठवडे लागतील. पण ही आठवड्यातून एकदाच घ्यायची. विसरू नये म्हणून बाजाराच्या दिवशी घेत जा."

साळूबाईने मान डोलावली. काय काम करता, हे बाईंनी विचारलं नाही आणि हिनेही सांगितलं नाही.

मित्रांनो, साळूबाईला शनिवार सोडला तर रोजच बाजार! गोळ्या माझ्याच कप्प्यात होत्या. प्रत्येक बाजारात ती एक काढायची आणि गिळायची. मी बिचारी मुकी! आठवडा उलटायच्या आत तिचं तोंड आलं. भाकरी गिळवेना. दैवशालाने गोळ्यांचं पाकीट पाहिलं आणि तिला धडकीच भरली.

"आत्याबाई, इतक्या गोळ्या कधी खाल्ल्या?"

"डॉक्टरीणबाईनंच सांगितलं न्हाई का, बाजाराच्या दिवशी खा म्हणून! मंग मी तर रोजच बाजार करून राह्यले."

दोघी तातडीने जालन्याला पोचल्या. बाईंनी गोळी बंद केली, रक्त तपासलं, उतारा दिला. "वेळेत आलात, नाहीतर जिवावर बेतलं असतं," त्या म्हणाल्या.

तोंड बरं झालं, पण साळूबाई रुसून बसली. "मला त्या पांढऱ्या गोळ्याच बऱ्या. लग्न तोंडावर आलं."

या खेपेला बाईंनी आधी तिचा सगळा आठवडा विचारून घेतला. मग म्हणाल्या, "रोज घ्यायची एक दुसरी गोळी आहे. गरज पडली तर इंजेक्शनंही आहेत. रक्त आता ठीक आलंय, म्हणून आधीची गोळीही पुन्हा सुरू करता येईल. मात्र आठवड्यातून एकदाच, आणि रक्त वरचेवर तपासायचं. तुम्हाला काय जमेल?"

साळूबाईने विचार केला. "शनिवारी माझी पेटी बंद राहती. त्याच दिवशी खाईन."

माझ्या सुट्टीचा औषधाला उपयोग! मी मनातल्या मनात फुलून गेले.

हळूहळू मूठ वळू लागली, कडी निघू लागली. चुड्याचा दिवस उजाडला तो नेमका शनिवार. मला अंगणात आणून उघडलं. साळूबाई प्रियाचा हात धरणार, तोच दैवशाला पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली.

"आज पेटी उघडली म्हणून गोळी चुकायची न्हाई, आत्याबाई. आधी गोळी, मंग चुडा!"

सगळ्या बाया खळखळून हसल्या. साळूबाईने गोळी घेतली आणि गप्पा मारत मारत लेकीचा हात दाबला. एकेक हिरवी बांगडी चढत गेली. एकही टिचली नाही. औषध लागू पडलं का, हे कुणी विचारलं नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. औषध आपल्या मनाने वाढवू नका, बंद करू नका. आणि डॉक्टरांना नुसतं दुखणं सांगू नका, आपला दिवस कसा जातो तेही सांगा. त्या बाजारांत मी सगळं पाहत होते, पण मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं ना?