मुकुंद भाऊजींचा पाय

नंदनवन वस्तीत सरिताच्या घरी दर बुधवारी चर्चमधल्या बायकांचा बायबल अभ्यास भरे. त्या बुधवारी नामानाचा उतारा होता. मोठा सेनापती, पण अंगावर कोड. संदेष्ट्यानं निरोप धाडला, यार्देन नदीत सात बुड्या मार. नामान भडकला. आमच्या देशात काय चांगल्या नद्या नाहीत? त्याचे चाकर म्हणाले, धनी, अवघड काही सांगितलं असतं तर केलंच असतं ना? तेव्हा तो नदीत उतरला आणि बरा झाला.

"देवाची आज्ञा आपली आवड विचारून येत नाही," सरितानं समारोप केला. बायकांनी माना डोलावल्या. आपलं वाक्य तिला स्वतःलाही आवडलं.

ती चहाचे कप विसळत होती तेवढ्यात पुण्याहून पुतणी एस्तेरचा फोन आला. पोरगी रडत होती.

"काकू, बाबाच्या शुगरनं चिघळलेल्या पायाचं ड्रेसिंग करणारा माणूस येत नाही आता. वास सहन होत नाही म्हणते. मले आठवा महिना आहे, डॉक्टर प्रवास करू देत नाही. तू जाशील का वं?"

एस्तेरचे वडील मुकुंद म्हणजे सरिताचे मोठे दीर. कळमेश्वरला एकटेच राहत. नऊ वर्षांपूर्वी सरिताचा नवरा रविंद्र गेला, तेव्हा शवपेटी अजून खड्ड्याच्या काठावर होती आणि हा माणूस सगळ्यांदेखत ओरडला होता, "घरात नर्स असून भाऊ मेला माझा! हिनंच मारलं त्याले!" त्यानंतर तिनं त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांचं नाव निघालं तरी तिच्या तोंडाला कडू पाणी सुटे.

"मी दुसरा माणूस पाहून देते," ती म्हणाली. "उपासही धरते त्यांच्यासाठी."

"काकू, तुले ड्रेसिंग येते ना."

फोन ठेवला तरी ती ओट्याशीच उभी राहिली. प्रभू, दुसरं काहीही सांग, असं तीनदा म्हणून झालं आणि मग तिची तिलाच शरम वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कळमेश्वरच्या बसमध्ये बसली.

दारातच वासानं तिला थोबाडलं. नोकरीची तेहतीस वर्षं असले वास घेतले होते, पण हा त्या माणसाचा होता. मुकुंद खाटेवर पडले होते. पट्टी हिरवट काळी पडून चिकटली होती, वर माश्या.

"तू? काहून आली? तमाशा पाहाले?"

"पाय वर घ्या, भाऊजी."

सलाईननं भिजवून तिनं पट्टी सोडवली. दोन बोटं काळी पडली होती आणि त्यांच्या बेचक्यात काहीतरी वळवळलं. सरिता मागच्या मोरीकडे धावली आणि सकाळचा चहा ओकली. चूळ भरताना वाटलं, पिशवी उचलावी आणि निघावं. दया वगैरे काही आली नव्हती. फक्त घाण वाटत होती, पायाची आणि माणसाचीही. ती परत आत आली. चिमटा घेतला.

"हळू कर ना वं! रविंद्रलेही अशीच मारली असशील."

"भाऊजी, तुमच्यासाठी नाही आली मी. मले सांगितलं आहे, म्हणून करून राहिली."

"कोणं? एस्तेरनं?"

ती अळ्या काढत राहिली.

त्याच दिवशी तिनं रिक्षा बोलावून त्यांना दवाखान्यात नेलं. दोन बोटं कापावी लागली, पाय वाचला. ते घरी आल्यावर ती एक दिवसाआड ड्रेसिंगला जाऊ लागली. परतून साबणानं कोपरापर्यंत हात धुई, तरी जेवण जात नसे. आज तरी मन पाघळेल, असं तिला दर वेळी वाटे. पाघळलं नाही.

पाचव्या आठवड्यात जखमेला लाल, ताजं मांस धरलं. मुकुंद छताकडे पाहत म्हणाले, "रविंद्रले तू नाही मारलं. मले तेव्हाही माहीत होतं."

पहिल्या दिवशी पट्टी सोडवताना वाटली नव्हती एवढी घाण सरिताला आता वाटली. माहीत होतं! नऊ वर्षं! तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. हातातली गॉजपट्टी जखमेवर नीट बसवली, बँडेज गुंडाळलं, फार घट्ट होणार नाही असं बांधलं.

"पाणी लागू देऊ नका," ती म्हणाली. "परवा येते."