ओझ्याचा शनिवार

मित्रांनो, मला चाके नाहीत, तरी सगळे मला गाडाच म्हणतात. मी एक जुना ढकलगाडा आहे. अलाबामातल्या एका लहानशा कॉलेजच्या मैदानाच्या कडेला, गवतात उभा आहे. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. लोखंडाला बोलायची सवय नसते. तरी सांगतो.

इथल्या फुटबॉलचा चेंडू अंड्याच्या आकाराचा असतो आणि तो पायांपेक्षा हातांनीच जास्त खेळतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायला पाच दांडगी मुले पुढे उभी राहतात आणि समोरच्यांना खांद्याने रेटतात. त्यांची नावे वर्तमानपत्रात सहसा येत नाहीत. त्या पाच जणांसाठी माझा जन्म झाला. कॉलेजच्या वेल्डिंगच्या वर्गातल्या मुलांनी कापूस वाहायच्या एका मोडक्या गाड्याचे लोखंड कापून मला बनवले. खाली घसरायला दोन जाड पट्ट्या, पुढे पाच खांब, प्रत्येक खांबाला एक गादी आणि मागे माणसाने उभे राहायला फळी. मुले गाद्यांना खांदा लावून मला ढकलत आणि फळीवरून कोच ओरडत.

माझ्या फळीवर बरेच कोच उभे राहिले. शेवटचे एझेल टार्पली. ते याच कॉलेजात शिकले होते आणि तरुणपणी माझ्या मधल्या गादीला त्यांचा खांदा लागलेला होता. त्यांचे ओरडणे एकच. "पाय थांबू देऊ नका. खांदा नंतर, आधी पाय."

आमचे कॉलेज गरीब. पण दर सप्टेंबरात आमचा संघ एखाद्या बड्या विद्यापीठाशी खेळायला जाई. त्यांना हंगामाच्या सुरुवातीला सोपा विजय हवा असे आणि आमच्या हरण्याचे ते चांगले पैसे मोजत. आमची माणसे त्याला उघड उघड 'मार खायचा सामना' म्हणत. मुले बसमधून परत येत ती सुजलेली आणि लंगडत. पण त्या एका दिवसाच्या कमाईवर वर्ष निघे. मुलींचे व्हॉलीबॉल, बँडची वाद्ये, बसचे डिझेल, ग्रंथालयातले पंखे, सगळे त्यातून चाले.

म्हणून आमच्याकडे एक रीत होती. मार खायला जायच्या आदल्या शनिवारी, त्या पैशावर ज्यांचे ज्यांचे चाले ते सगळे पाळीपाळीने माझ्या फळीवर चढत, आणि पाच मुले त्यांना ढकलत मैदानाच्या पार नेत. मग सगळे मिळून तळलेले मासे आणि मक्याचा पाव खात. याला म्हणत ओझ्याचा शनिवार. मित्रांनो, इतके हसणे मी दुसऱ्या कुठल्या दिवशी ऐकले नाही.

अशा शेवटच्या भरल्या शनिवारी ग्रंथपाल मिस ओडेसा चढल्या तेव्हा मधल्या गादीवर मोझेस पेटवे होता. आडगावातला हा मुलगा आपल्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. त्याला शाळामास्तर व्हायचे होते. फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर शिकत होता आणि ते वर्ष धरून तीन वर्षे उरली होती.

"मिस ओडेसा, पर्समध्ये पुस्तकं भरून आणलीत का? फारच जड लागताय," तो म्हणाला.

"तू वर्षभर दाबून ठेवलेली परत आणली असतीस, तर आणखी जड झाले असते. ढकल गुपचूप."

"ढकलतो की. पण तुम्ही खाली उतरून एकदा ढकलून बघा."

"या चपलांनी? पुढच्या वर्षी बघू."

त्यानंतरच्या वसंतात साऱ्या जगाला घरी बसवणारी ती साथ आली. वर्ग बंद झाले, मुले घरी गेली. तरी सुरुवातीला कोच टार्पली फारसे घाबरले नाहीत. मार खायचा सामना ठरलेला होता. खरे सांगायचे तर त्याचे पैसे आधीच खर्चात पडले होते. व्हॉलीबॉलच्या हॉलवर नवे छत चढले होते, मुलांना शिष्यवृत्त्यांचे शब्द दिलेले होते. आमच्याकडे दरवर्षी असेच होई. जिंकण्याच्या भरवशावर शहाणा माणूस खर्च करत नाही. पण आमचा भरवसा हरण्यावर होता आणि हरणे कधी चुकले नव्हते.

उन्हाळ्यात एका दुपारी कोच माझ्या फळीवर बसून फोनवर बोलत होते. पलीकडचा आवाज मला ऐकू येत नव्हता. कोच फक्त "हो, समजलं" म्हणत होते. मोझेस घरी बसून कंटाळला होता, म्हणून एकटाच धावायला आला होता. तो जवळ येऊन थांबला.

"काय म्हणतात, कोच?"

"मोठे या वर्षी मोठ्यांशीच खेळणार. आपल्याला येऊ नका म्हणतायत."

"म्हणजे हरायलासुद्धा नको?"

"हरायलासुद्धा नको."

मोझेस हसला, पण कोच हसले नाहीत, तेव्हा तोही थांबला. करारातच लिहिले होते की अशा संकटात कोणी कोणाला काही देणे लागत नाही.

आमचा हंगाम पुढच्या वसंतावर ढकलला. त्याला ढकलणारे मात्र कोणी नव्हते. रिकाम्या बाकांसमोर दोन सामने झाले. तिकिटे नाहीत, मासळीचे गाडे नाहीत, जुने विद्यार्थी नाहीत. उलट दर आठवड्याला मुलांच्या तपासणीचा खर्च. तिसऱ्या सामन्याआधी पुढच्या रांगेतले तिघे आजारी पडले आणि सगळेच थांबले.

मे महिन्यात कॉलेजच्या अध्यक्षा डॉ. विन्स्लो मैदानावर आल्या. भल्या बाई. कोचना ऑफिसात बोलावून सांगणे त्यांना जमले नसावे. त्या माझ्याशेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "एझेल, आम्ही फुटबॉल एक वर्ष थांबवतोय. फक्त एक वर्ष."

"डॉक्टर, थांबवलेला संघ परत उभा राहिलेला तुम्ही कुठं पाहिलाय?"

त्यांनी मान रिकाम्या बाकांकडे वळवली.

"आणि माझी पोरं?"

"ज्यांना दुसरीकडे जागा मिळेल त्यांना आपण मोकळं करू."

"दुसरीकडे जागा कुठाय? साथीमुळं सगळ्यांनी जुनीच पोरं आणखी एक वर्ष ठेवून घेतलीयत." कोचनी माझ्या मधल्या गादीवर हात ठेवला. "पेटवेचं एकच वर्ष राहिलंय. तेवढं तरी होऊ द्या."

"एकाचं केलं तर सगळ्यांचं करावं लागेल, एझेल. आणि सगळ्यांचं करायला आपल्याकडे काही नाही."

मोझेसने बऱ्याच ठिकाणी विचारले. कोचनी त्याच्यासाठी ओळखीच्या प्रत्येक माणसाला फोन केला. ऑगस्टपर्यंत तो कोंबड्या कापायच्या कारखान्यात कामाला लागला होता. फुटबॉलमागोमाग मुलींचे व्हॉलीबॉल गेले. ग्रंथालय अर्धा दिवस उघडे राहू लागले. नव्या छताखाली खुर्च्यांचा ढीग लागला.

मग सप्टेंबरातला ओझ्याचा शनिवार आला; सामना नव्हता, दिवस तेवढा होता. मला वाटले, कोणी येणार नाही. कोच टार्पली मैदानाच्या किल्ल्या परत करायला आले. मोझेस पाळीवरून थेट रबरी बुटांतच आला. शेवटी मिस ओडेसा आल्या. त्यांच्या पायात पळायचे बूट होते.

"कोच, चढा वर," त्या म्हणाल्या. "गेल्या खेपेला मी शब्द दिला होता. आज मी ढकलणार."

"ओडेसा, कंबर जाईल तुमची."

"कंबर माझी आहे. चढा."

कोच चढले. मिस ओडेसांनी शेवटच्या गादीला खांदा लावला आणि मोझेसने मधल्या. बाकीच्या तीन गाद्या मोकळ्याच होत्या. माझ्या पट्ट्या वसंतापासूनच्या पावसाने मातीत रुतल्या होत्या, वरून गवताने धरल्या होत्या.

"पाय, मोझेस," कोच हळूच म्हणाले. "पाय थांबू देऊ नको."

मोझेसने फार जोर लावला. त्याच्या बुटांखालची माती उकरली गेली, त्याचा श्वास माझ्या गादीत शिरत होता. मिस ओडेसांचे बूट गवतावरून घसरत होते. मित्रांनो, मला हलायचे होते. आयुष्यात इतके कधी वाटले नव्हते. पण मी लोखंड आहे. स्वतःहून मी कधीच हललो नाही, फक्त ढकलला गेलो.

मी हललो नाही.

थोड्या वेळाने कोच खाली उतरले. "पुरे," ते म्हणाले. मिस ओडेसा खांदा चोळत म्हणाल्या, "हे तुम्ही रोज करायचात?"

"रोज," मोझेस म्हणाला. "पण पाच जण असायचो." मग त्याने घड्याळ पाहिले. त्या दिवशी त्याला कारखान्यात दुसरी पाळीही करायची होती.

ते गेले. फाटकाची कडी लागल्याचा आवाज मी ऐकला. आता गाद्यांतून भुसा सांडतो आणि तो चिमण्या नेतात. मला कोणी न्यायला येईल अशी आशा मी धरत नाही. मित्रांनो, एवढेच मागतो. तुम्ही ज्या फळीवर उभे आहात ती कोणीतरी ढकलत असेल. ते पाच जण तिथे आहेत तोवरच एकदा खाली उतरा आणि त्यांच्या शेजारी खांदा लावा. पुढच्या वर्षी बघू, असे म्हणू नका.